शिंपल्यांच्या वाटेपलीकडचे स्तंभ

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हायडा ग्वाई द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला स्गांग ग्वाय हे ओसाड गाव आहे. ओसाड म्हणायचं ते घरं कोसळली म्हणून. राबता आजही आहे.

उन्हाळ्यात इथल्या मूळनिवासी हायडा लोकांचे वॉचमन, म्हणजे गावाचे राखणदार, इथे मुक्कामाला असतात. पाहुण्यांना शिंपल्यांनी आखलेली वाट ओलांडू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. समोरचे लाल सीडरचे कोरीव खांब नुसती शिल्पं नव्हेत. त्यांतल्या अनेकांच्या माथ्याशी पूर्वजांच्या अस्थी ठेवल्या जात. १८६२ मध्ये पसरलेल्या देवीच्या साथीनं गावंच्या गावं रिकामी केली. १९८१ मध्ये युनेस्कोनं हे गाव जागतिक वारसा ठरवलं. पण वारसा म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू, असं हायडा मानत नाहीत. खांब झुकतात, शेवाळतात, मातीला मिळतात. तेही त्यांचं आयुष्यच.

नवे खांब मात्र उभे राहतात! १९८५ मध्ये याच द्वीपसमूहातल्या लायल बेटावरची जंगलतोड वाट रोखून अडवताना हायडा वडीलधाऱ्यांसह ७२ जणांना अटक झाली होती. त्याच बेटावर २०१३ मध्ये शेकडो हातांनी दोर ओढून जालेन एडनशॉ यांनी घडवलेला ४२ फुटी स्तंभ उभारला. त्यावर, वाट अडवून उभी राहिलेली ती माणसंही कोरलेली आहेत.