मांजर आडवं गेलं

आमच्या गॅरेजात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही. ‘कॅट’ म्हणतात. हाताखालचं पोरगं तर सरळ ‘मांजर’च म्हणतं. ‘‘मामा, मांजर गेलंय वाटतं,’’ असं ते म्हणालं, की मी आधी त्याच्या हातातला पाना काढून घेतो.

पावसाळा सरता सरता एक निवृत्त गुरुजी उद्यमनगरात आले. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला आणि हातात दुसऱ्या एका वर्कशॉपनं दिलेलं अंदाजपत्रक : कॅट बदलावी लागेल. आकडा बघून माझेच डोळे पांढरे झाले. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. स्वस्त कुठून पडणार? गुरुजी म्हणाले, ‘‘मिस्त्री, गाडी तर नीट पळतीय की हो.’’

स्कॅनर लावला. पी-०४२०. म्हणजे कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या पातळीच्या खाली गेलंय, असं कॉम्प्युटरला वाटतंय. वाटतंय, एवढंच. तो काही पाइपात शिरून बघत नाही. कन्व्हर्टरच्या पुढं एक ऑक्सिजन सेन्सर, मागं एक. या दोघांच्या साक्षीवर तो निकाल देतो. पुढचा सेन्सर सारखा वरखाली होत असतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर आतलं सिरियम ऑक्सिजन धरून ठेवतं, लागेल तसा सोडतं, आणि मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास निवांत बसतो. तोही पुढच्याच्या तालावर नाचायला लागला, की दिवा.

गुरुजींच्या गाडीत मागचा नाचत होता, पण ताल वेगळा होता. आयडलिंगला मध्येच खाली आपटायचा, जरा रेस दिली की सावरायचा. इथं मला जुनी चूक आठवली.

काही वर्षांपूर्वी एका व्हॅनला हाच कोड आला होता. मी ऐटीत कॅट बदलून दिली. चार महिन्यांत व्हॅन परत दारात, कोड तोच. खोलून बघितलं तर नव्याकोऱ्या कन्व्हर्टरची जाळी वितळलेली. गूळ काहिलीच्या तळाला लागावा तशी, भोकं बुजून काळी ढेप. एक कॉइल अधूनमधून मिस मारत होती. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन पेटायचं. पहिली कॅटही त्या कॉइलनंच मारली होती आणि मी मयताचं सामान तेवढं बदललं होतं. दुसऱ्या कॅटचा खर्च मी सोसला. ऑइल पिणाऱ्या इंजिनचंही तसंच : ऑइलातलं फॉस्फरस जाळीवर बसतं आणि तिचं काम हळूहळू मंदावतं. आपल्याकडं २००० पर्यंत शिशाचं पेट्रोल मिळायचं. त्याची एखाददुसरी टाकीसुद्धा कन्व्हर्टरला बाधायची. सांगायचं हे, की कॅट आपणहून क्वचितच मरते. आडवी मात्र तीच दिसते.

म्हणून आता आधी मिसफायरचे आकडे, मग फ्युएल ट्रिम, मग ऑइलची पट्टी. गुरुजींच्या गाडीत तिन्ही ठाकठीक. राहिली हवा. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी गार इंजिन चालू केलं, तर खालून बारीक ‘टिक-टिक’ यायला लागली आणि इंजिन तापल्यावर विरली. तापलं की लोखंड फुगतं, फट बारीक होते. ज्यानं दुपारी गाडी बघितली, त्याला ती टिक-टिक ऐकू येणारच नव्हती.

इंजिन बंद करून पुन्हा गार होऊ दिलं. सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची नळी घातली, भोवती फडकं गुंडाळलं आणि सांध्यांवर ब्रशनं साबणपाणी लावत गेलो. कन्व्हर्टरच्या मागं, मागच्या सेन्सरच्या वीतभर आधी, फ्लँजवर फेस उठला. पोरगं बॅटरी धरून खाली वाकलं. पॅकिंगचा एका बाजूचा तुकडा झडलेला, एक बोल्ट गंजून बारीक झालेला, आणि तिथून निघालेली काजळीची रेघ. धूर ठोक्याठोक्यानं बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि अशा फटीतून बाहेरची हवा आत जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो बिचारा तसं सांगतो. कॉम्प्युटर खापर फोडतो मांजरावर.

पॅकिंग बदलली, कोड उडवला. पण कोड उडवला म्हणजे काम झालं असं नाही. बिघाड तसाच असला तरी दिवा काही काळ गप्प राहतो. गुरुजींना शेजारी बसवून कागलपर्यंत हायवेनं एका वेगात गाडी नेली. स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेघ परीक्षेच्या हॉलमधल्या पोरासारखी गप्प. कॅटची चाचणी गाडीनं स्वतःच पुरी केली, पास.

बिलात तीन ओळी लिहिल्या : पॅकिंग, बोल्ट, तपासणी. तिसरी रक्कम सगळ्यांत मोठी होती. गुरुजींनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

‘‘मिस्त्री, नुसतं बघायचे एवढे पैसे?’’

‘‘गुरुजी, बोर्डाचे पेपर तपासायचे मिळायचेच की तुम्हाला.’’

ते हसले आणि पाकीट काढलं.