पादपूरण

वृत्ते शिकविताना च, वै, तु, हि ही पादपूरणार्थक अव्यये आम्ही वर्षानुवर्षे 'निरर्थक' म्हणून सांगत आलो. या शब्दाकडे पुन्हा पाहावयास आम्हांस एका माजी विद्यार्थ्याने लावले.

तो जुन्या ३२-बिट इंटेल संगणकावर एआरएम यंत्रासाठी लिनक्स कर्नल बांधीत होता. संगणकावरचा साहाय्यक प्रोग्रॅम एक तक्ता लिही. कर्नल तो वाची. प्रत्येक नोंदीत आधी ४ बाइटांचा घटक, मग ८ बाइटांचा. इंटेलच्या ३२-बिट संकेतात दुसरा घटक पहिल्याला चिकटून बसे. नोंद १२ बाइटांची. एआरएमच्या प्रचलित संकेतात तो ८ ने भाग जाणाऱ्या जागीच बसतो. मध्ये ४ बाइट रिकामे, नोंद १६ ची. अक्षरे तीच, यती निराळी. वाचन सारे बिघडले.

प्रथम त्याने मोकळी जागा काढून नोंदी घट्ट बांधल्या. माप जुळले, पण मोठा घटक अस्थानी पडला. असे वाचन काही प्रोसेसर नाकारतात. अखेर त्याने ४ बाइटांचा एक भरीचा घटक स्वहस्ते, नाव देऊन घातला आणि आकार १६ नसल्यास कंपायलरने तिथेच थांबावे अशी अट लिहिली.

"सर, हे पादपूरणच ना?" त्याने विचारले.

आम्ही मान डोलावली. मनात मात्र एक जुनी उत्तरपत्रिका आली. पादपूरणाला निरर्थक का म्हणावे, असे विचारणाऱ्या मुलीचे दोन गुण आम्ही कापले होते. ते आता परत देता येत नाहीत. यंदा वर्गात तो शब्द आम्ही उच्चारला नाही.