अम्मी, अंगण आणि मोगरा

शिरूरला घर बांधून झालं तेव्हा पुढे बारा बाय अठरा फुटांची जागा उरली. गवंडी म्हणाला, "सर, पेव्हिंग ब्लॉक टाकून घ्या, गाडी लागंल." गाडी म्हणजे माझी जुनी मोटरसायकल. तिला अठरा फूट कशाला? मी म्हटलं, माती राहू द्या. त्या एका वाक्यावरून आमच्या घरात महिनाभर वाद चालला. माती ठेवली खरी, पण लावायचं काय?

लेक नववीत आहे. तिने मोबाईलवर इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या घरांचे फोटो दाखवले. बुटकी दगडी घरं, दारापर्यंत फुलांची गर्दी, वाफे नाहीत की ओळी नाहीत. मला ते पाहून हसू आलं. मुळात ती गरिबाच्या घरापुढची बाग. त्यात कोबी-कांदे, औषधी पाला, फुलं सगळं एकत्र. म्हणजे आपली परसबागच की! फक्त ती घराच्या पुढे आली. लेकीला लॅव्हेंडर हवं होतं. मी तिला सांगितलं, बेटा, शिरूरच्या मे महिन्यात तुझा बाप तग धरतो हेच खूप आहे.

बायकोला बोगनवेल हवी होती, कारण तिला पाणी लागत नाही. मला गुलाब हवा होता. उर्दूच्या मास्तराच्या दारात गुलाब नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील! हा शब्द मला वर्गात फार उपयोगी पडतो. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे खरं तर गुलाबपाणी, आपण फुलालाच पाण्याचं नाव देऊन बसलो. गुलछबूचंही तसंच. शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. मराठीत त्याच फुलाला निशिगंध म्हणतात, अर्थ तोच. दोन भाषांनी एकच फूल हुंगलं आणि एकच नाव ठेवलं. गुलबासमध्ये अब्बास लपलेले आहेत, हे सांगितलं की पोरं खूश होतात.

पण नावं छान असून भागत नाही. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. नर्सरीतून आणलेले दोन कलमी गुलाब तीन महिन्यांत पिवळे पडले, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. शेवटी गावठी गुलाबाचं एकच झाड ठेवलं. सदाफुली आणि गुलबास यांना काहीच लागत नाही, ती आपली आपण उगवतात. कुंपणाला लाल कण्हेर लावली. बाबराने हिंदुस्थानच्या फुलांचं वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यात जास्वंद आणि कण्हेर दोन्ही आहेत. ग्वाल्हेरची लाल कण्हेर आवडली म्हणून त्याने ती आग्र्याच्या बागेत नेऊन लावली. बादशहाला आवडलेलं झाड आपल्याकडे हायवेच्या दुभाजकात धूळ खात उभं असतं. एक सांगतो, कण्हेर सगळी विषारी असते, पान, फूल, चीक सगळं. लहान मूल असेल तर आतल्या बाजूला लावू नका. बकऱ्या मात्र तिला तोंड लावत नाहीत, आणि आमच्या गल्लीत हा मोठा गुण आहे.

या सगळ्यात अम्मी गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "पुदिना लगाव, कढीपत्ता लगाव. मेरेकू कायकू फुलां?"

हे ज्या बाईने म्हटलं तिची बाग मी पाहिलेली आहे. अब्बा दौंडला रेल्वेत खलाशी होते. क्वार्टरपुढे जेमतेम खाटेएवढी जागा. मोरीच्या पाण्यावर कर्दळ, तेलाच्या डब्यांत गुलछबू, आणि दाराशी बटमोगरा. जानेवारीत अम्मी त्याचं पाणी तोडायची, पानं ओरबाडायची, फांद्या छाटायची. मला वाटायचं, आता मेलं हे झाड. मग शेणखत घालून पाणी सुरू केलं की मार्चअखेर कळ्या. संध्याकाळी ड्युटीवरून आले की अब्बा डबा ठेवायच्या आधी मोगऱ्याला दोन बादल्या पाणी घालायचे. अम्मी कळ्या ओवायची. थोड्या माठात, बाकीच्या केसांत. आमच्या घरातलं पाणी एप्रिल-मेमध्ये मोगऱ्याचं असायचं.

अब्बा गेले त्याला अकरा वर्षं झाली. इद्दतीचे चार महिने दहा दिवस अम्मीने पाळले. त्या काळात साजशृंगार नको, सुगंध नको, हे शरियतमध्ये आहे. पण तो काळ संपला की संपलं. त्यानंतर फुलं माळायला कुठेही मनाई नाही. तरी अम्मीने पुन्हा केसांत कळी घातली नाही. एकदा मी तिला हे नीट समजावून सांगायला गेलो, मास्तरकीच्या सवयीने. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू किताब पढता, मैं मोहल्ले में रहती."

मला उत्तर सुचलं नाही. मोहल्ल्यातल्या बाया, हिंदू काय आणि मुसलमान काय, या एका बाबतीत एकच धर्म पाळतात. विधवेच्या केसांकडे सगळ्यांचं लक्ष. आपण शेजाऱ्यांकडून पुरणपोळी घेतली, हळदीची गाणी घेतली, त्याबरोबर हेही घेतलं. आणि हे घेतलेलं आपण दीन म्हणून सांगतो, याचा मला राग येतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर आम्ही दौंडला गेलो. न्हावऱ्यावरून, पारगावला भीमा ओलांडून, चौफुल्यावरून पाटस. रस्ताभर ऊस. अम्मीने सोबत सब्जाचं बी आणलं होतं, कागदाच्या पुडीत. ती कबरस्तानच्या गेटपाशी रिक्षात बसून राहिली. मी आणि लेक आत गेलो, फातेहा पढली, अब्बांच्या कबरीवर बी टाकून माती सारखी केली. लेकीने विचारलं, सब्जाच का? मी तिला रैहान या शब्दाबद्दल सांगितलं. कुरआनात तो आलेला आहे. सुवासिक झाडाला रैहान म्हणतात, आणि आपल्याकडे सब्जालाही. कुणी रैहान दिलं तर नाकारू नये, ते वाहायला हलकं आणि वासाला छान असतं, अशा अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिने ते वहीत लिहिल्यासारखं लक्षात ठेवलं.

परत निघताना अम्मी म्हणाली, क्वार्टरवरून घे. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. कर्दळ नव्हती, डबे नव्हते. दाराशी मोगरा होता, खोड मनगटाएवढं झालेलं. घरातल्या ताई बाहेर आल्या. अम्मीने ओळख सांगितली. त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं आहे व्हय हे झाड? घ्या की मग फांद्या." अम्मीने स्वतः निवडून पाच फांद्या तोडल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, आणि ओल्या रुमालात गुंडाळून शिरूरपर्यंत मांडीवर धरल्या. पाचांतल्या दोन जगल्या. जागा तिनेच ठरवली. दुपारपर्यंत ऊन येतं ती, नळाजवळची. माझा गुलाब त्यासाठी हलवावा लागला.

यंदा जानेवारीत तिने पाणी तोडलं आणि मी ओरडलो नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सात कळ्या आल्या. अम्मीने चार माठात टाकल्या. उरलेल्या तीन लेकीने दोऱ्यात ओवल्या. तीन कळ्यांचा गजरा तो काय! पण ती तो घेऊन दादीपुढे उभी राहिली.

"नको गं," अम्मी म्हणाली.

"दादी, रैहान नाकारायचं नसतं."

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर तपासत होतो, तसाच तपासत राहिलो. तिने गजरा हातात घेतला, हुंगला. केसांत नाही घातला. पदराच्या टोकाला, जिथे ती सुट्टे पैसे बांधते, तिथे गाठ मारून ठेवला आणि नमाजला उठली.

आता रोज वीस-पंचवीस कळ्या निघतात. पदराची गाठ मोठी होत चालली आहे.