दोन कोअरच्या चार होत नाहीत

चौसाळ्यात धुळे-सोलापूर महामार्गालगत माझा फोटो स्टुडिओ आहे. एक गाळा, वर पत्रा. आमच्या भागातली लग्नसराई ऊसतोडीवर ठरते. साखर कारखान्यांचा हंगाम संपला, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावाकडे परतल्या, की दीड-दोन महिन्यांत वर्षभराची लग्नं उरकतात. शूटिंगला माणसं मिळतात, त्याची अडचण नसते. काम तुंबतं ते संगणकापाशी. लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ जोडून झाल्यावर तो डीव्हीडीसाठी रेंडर करायला माझ्या मशीनला २०० मिनिटं लागायची. रोज दोन लग्नं हातात असली की रात्र पुरत नसे.

मशीनमध्ये पेंटियम जी ३२५८ हा प्रोसेसर होता. पेंटियम या नावाला वीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने इंटेलने तो २०१४ मध्ये काढला. दोन कोअर, वेग ३.२ गिगाहर्ट्झ, किंमत स्वस्तातली. पण त्यात एक सोय होती, जी तेव्हा महागड्या प्रोसेसरमध्येच मिळे: मल्टिप्लायर मोकळा होता. १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले ३२, असा त्याचा वेग ठरे. बायोसमध्ये जाऊन ३२ च्या जागी ४२ लिहिलं की झाले ४.२ गिगाहर्ट्झ. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा उद्योग जुना आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर लोक मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करून ३०० ऐवजी ४५० वर पळवत. चिप बनवणारा कारखाना प्रत्येक चिपची थोडी ताकद राखून ठेवतो, म्हणजे एखादी कमजोर चिपही छापलेल्या वेगावर बिनघोर चालावी. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखून ठेवलेली ताकद वापरतो.

जानेवारी २०१७ मध्ये मी ते केलं. वेग वाढवला की चिपला व्होल्टेजही जास्त लागतं, नाहीतर संगणक हँग होतो. मी १.०५ वरून १.२५ व्होल्टपर्यंत गेलो. सोबतचा छोटा पंखा पुरेना म्हणून १,९०० रुपयांचा कूलर घेतला. संगणकाला वीज पुरवणाऱ्या जुन्या एसएमपीएसवर भरवसा वाटेना, तोही बदलला, २,६०० रुपये. रात्रभर चाचणी लावली. तापमान ७८ अंशांवर थांबलं, मशीन एकदाही अडलं नाही. रेंडर २०० मिनिटांवरून १५५ वर आलं. फोटोशॉपमध्ये अल्बमची पानं झटपट उघडू लागली. त्या आठवड्यात मला फार समाधान वाटलं. नवीन प्रोसेसर न घेता मशीन तरणं झालं होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने केलं होतं.

मे महिन्यात गाळ्यातला पत्रा तापला. बाहेर ४१-४२ अंश, आत दुपारी ४० च्या खाली पारा येईना. जानेवारीतली चाचणी मी २२ अंशांच्या थंडीत घेतली होती, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. पंख्याचा कूलर कितीही चांगला असो, तो खोलीतल्या हवेपेक्षा चिपला थंड करू शकत नाही. खोली १८ अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच तापते. ७८ चे ९६ झाले. शंभराच्या आसपास प्रोसेसर आपणहून वेग पाडतो. म्हणजे भर दुपारी, कामाच्या घाईत, माझा वाढवलेला वेगच गायब व्हायचा.

नुसता वेग गेला असता तर चाललं असतं. पण एका लग्नाच्या डीव्हीडी देऊन आठ दिवस झाले आणि नवरीचे मामा एक प्रत घेऊन आले. "दादा, हे बघा बरं. आजी ओवाळतीय आणि तिच्या तोंडावर हिरवं काय आलंय?" मी लावून बघितलं. औक्षणाच्या प्रसंगात पडद्यावर हिरवे चौकोन उमटले होते, दोन-तीन सेकंद. रेंडर करताना संगणक बंद पडला नव्हता, चूक झाल्याचा कुठलाच संदेश आला नव्हता. जास्त वेग आणि जास्त उष्णता यांत कुठेतरी हिशेब चुकला आणि तो तसाच फाईलमध्ये उतरला. संगणक बंद पडला तर माणसाला निदान कळतं. ही चूक मला कळली नाही, घरच्यांना कळली. मूळ शूटिंग हार्डडिस्कवर होतं म्हणून निभावलं. मी मामांची माफी मागितली, वेग पुन्हा ३.२ वर आणला आणि त्या महिन्यात दिलेली सगळी लग्नं एकेक करून तपासली. आणखी एकात तसाच डाग सापडला. दोन्ही कामं पुन्हा करून, नवीन डीव्हीडी घरी नेऊन दिल्या.

त्यानंतर मी आधी करायला हवा होता तो हिशेब मांडला. चिप जाळते ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग १.३१ पट, व्होल्टेजचा वर्ग १.४२ पट, गुणाकार जवळपास १.८६. म्हणजे ३१ टक्के वेगासाठी मी ८६ टक्के जास्त उष्णता विकत घेतली होती, तीही पत्र्याच्या गाळ्यात. शिवाय रेंडरचं काम सगळ्या कोअरमध्ये वाटलं जातं. ओव्हरक्लॉकिंगने आहेत त्या दोन कोअर जोरात पळतात, दोनाच्या चार होत नाहीत.

माझ्या मदरबोर्डचं सॉकेट एलजीए ११५० होतं. त्याच सॉकेटमध्ये बसणारा जुना कोअर आय५ ४४६० पुण्याहून ६,५०० रुपयांना मिळाला. चार कोअर, मूळ वेग तोच ३.२ गिगाहर्ट्झ, आणि पेंटियममध्ये नसलेल्या एव्हीएक्स सूचनाही त्यात होत्या. रॅम तीच, बोर्ड तोच. बायोस अद्ययावत केलं, थर्मल पेस्ट लावली, अर्ध्या तासात काम झालं. तेच लग्न १०५ मिनिटांत रेंडर झालं, कसलीही छेडछाड न करता. पुढच्या मे महिन्यातही एकही डाग आला नाही. कूलर आणि एसएमपीएसला घातलेले ४,५०० आणि पेंटियम विकून आलेले २,००० मिळवले तर बरोबर ६,५०० होतात. म्हणजे तेवढ्याच पैशांत जानेवारीतच हा प्रोसेसर घेता आला असता.

ओव्हरक्लॉकिंग वाईट नाही. त्यातूनच मला प्रोसेसर समजला. शिकायला, खेळायला, जिथे चूक झाली तर आपलंच नुकसान होतं तिथे ते जरूर करावं. पण गावाकडे स्टुडिओ, डीटीपी किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. खर्च करण्याआधी काम सुरू असताना टास्क मॅनेजर उघडा. सगळ्या कोअर शंभर टक्क्यांवर असतील तर जास्त कोअरचा प्रोसेसर बघा. कोअर रिकाम्या आणि डिस्क शंभरावर असेल तर आधी एसएसडी टाका. आपल्या बोर्डात काय बसतं ते तपासा, जुन्या बाजारात भाव विचारा. आणि चाचणी घ्यायचीच असेल तर मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली घ्या.