चौकातला पाऊस

भंडारदऱ्याचे फोटो म्हटलं की काय बघायला मिळणार, ते आता सगळ्यांना पाठ आहे. अंब्रेला फॉल, आर्थर लेकचं पाणी, मागे रतनगड, अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आणि हल्ली मे-जूनमध्ये काजव्यांनी लखलखणारी हिरड्या-बेहड्याची झाडं. हे सगळं बघायला माणसं ज्या शेंडी गावात उतरतात, त्या गावाचा फोटो मात्र कुणाकडे नसतो. या मे महिन्यात मी कॅमेरा घेऊन गेले ती फक्त शेंडीसाठी. तिथल्या वसाहतीतली, आम्ही राहायचो ती चाळ पाडल्याचं कानावर आलं होतं. घरचे अल्बम काढून बसले, तर तिथंही पाणीच पाणी. पाहुणे आले की आम्ही त्यांना धरणावर न्यायचो, फोटो तिथंच निघायचे. चाळीपुढं उभं राहून कोण फोटो काढतो?

बाहेरच्या जगानं भंडारदऱ्याकडे दोनच नजरांनी पाहिलं. एक पर्यटकाची, दुसरी लाभक्षेत्राची. प्रवरेवरचं हे दगडी धरण 1910 मध्ये बांधायला घेतलं, 1926 मध्ये पुरं झालं आणि खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. तिकडच्या शेतकऱ्याला भंडारदरा म्हणजे आकडा. अकरा टीएमसीपैकी किती भरलं, आवर्तन कधी सुटणार? पावसाळ्यात तिकडच्या वर्तमानपत्रांत रोज चौकट येते: भंडारदरा, घाटघर, पांजरे, रतनवाडी, वाकी आणि प्रत्येकापुढं मिलिमीटर.

त्या चौकटीतला पहिला आकडा काही वर्षं आमच्या अण्णांच्या हातचा होता; भंडारदऱ्याचा पाऊस ते मोजायचे.

जुलैतली सकाळ. समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं. अण्णा घोंगडीची खोळ घेऊन पर्जन्यमापकापाशी जायचे, मी मागे. आतली बाटली काढून पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, गुडघ्यावर बसायचे आणि पाण्याच्या रेषेला डोळा लावायचे. मोजपात्र लहान, पाऊस मोठा. ते पुन्हा पुन्हा भरावं लागे आणि बेरीज चुकू नये म्हणून दर खेपेला अण्णा आकडा मोठ्यानं म्हणत. माझ्याकडून तो वदवून घेत. एका मिलिमीटरसाठी ते पाणी परत ओतून परत मोजत. हात गारठून पांढरे पडलेले असत, पण अंदाजानं आकडा टाकलेला मी कधी पाहिला नाही.

मग नोंद, मग फोन. पण वाटेत शेंडीच्या चौकातल्या हॉटेलचं बाकडं होतं. “काय अण्णा, किती झाला?” “एकशे चाळीस.” एवढ्यावर तिथं दिवस ठरायचा. ओढे चढले असणार, म्हणजे रतनवाडीची एसटी जाणार नाही. खाचरं भरली असणार, म्हणजे आवणीला माणसं लावायला हरकत नाही. कुणाची लेक बाळंतपणाला यायची असली तर तिला राजूरलाच थांबवा, असा निरोप जायचा. तोच आकडा खाली पोचेपर्यंत टीएमसीत जमा व्हायचा. चौकात मात्र तो कुणाच्या तरी घरचा असायचा.

अण्णा गेले. पाऊस मोजणारं आणखी कुणी आलं असेल, तसं यायलाच हवं. पण ते बाकडं मी माझ्या मुलाला फोटोतही दाखवू शकत नाही, याचा मला राग आहे. धरणाचं सगळं टिपून ठेवलं गेलं. 1969 मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती लागली, खालच्या अंगाला आधारभिंती बांधून ती सावरली, याच्या नोंदी आहेत. त्या कामावरच्या माणसांनी संध्याकाळी भाकरी कुठं थापल्या, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आता चौकात टेंट, बोटिंग आणि घरगुती जेवणाच्या पाट्या आहेत. रात्री काजव्यांसाठी घाटघरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी दिवसा फिरले. पाडलेल्या चाळीचं जोतं, त्यावर आमच्या मोरीचा फरशीचा तुकडा. एसटीचा थांबा. पश्चिमेच्या भिंतीला झडीसाठी आतापासूनच बांधलेला निळा कागद. डांबराच्या कडेला वाळत घातलेला बाळहिरडा आणि त्याच्याशेजारी फडकं टाकून बसलेली म्हातारी. तिनं हाक मारली, “बाई, हितं काय काढता? फॉल पल्याड हाय.”

तिचं हे बोलणं मला फार लागलं. आपल्या दारात बघण्यासारखं काही नाही, हे तिला इतक्या वर्षांत आम्हीच शिकवलं. मी तिच्याजवळ बसले, हिरड्याचा भाव विचारला आणि मग तिच्या परवानगीनं तिचा, तिच्या दाराचा, अंगणातल्या उखळाचा फोटो घेतला. तिनं आधी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला.

धरणाच्या शंभरीच्या निमित्तानं भिंतीचे फोटो पुन्हा निघतील आणि ते निघावेतही. माझ्या फोटोंच्या मागे मी लिहिणार आहे: इथं कोण राहायचं, इथं काय मिळायचं, इथं एसटी कुणासाठी थांबायची. एक संच गावातच ठेवायला देणार आहे. पाण्याकडे जाणारा रस्ता ज्यांच्या दारावरून जातो, त्यांचं दारही बघण्याजोगं आहे, हे गावातल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.