अजून चीज यायचंय!
फ्रान्समधल्या लिऑनला, उन्हाळ्यात महिनाभर एका कुटुंबात पेइंग गेस्ट होते. पहिल्याच रात्री दहा मिनिटांत जेवून उठायला लागले. मादामनं नुसत्या भुवया उंचावल्या. अजून चीज यायचं होतं, मग गोड! जुलैत तिथे रात्री नऊनंतरही उजेड, आणि जेवणही तोवर चालूच. पाव प्लेटमध्ये नाही, थेट टेबलक्लॉथवर. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. फ्रेंच मेजवानीच्या पद्धतीला 2010मध्ये युनेस्कोनं वारसा म्हटलं, ते उगीच नाही. कामाच्या जागीच जेवू द्यायला तर तिथल्या कामगार कायद्याचीच मनाई! आणि आपण? एका हातात माऊस, दुसऱ्यात पोळीचा रोल.

परत आल्यावर आईसोबत तासभर जेवत बसले. तिचा गुडघा सहा महिने दुखतोय, हे मला तेव्हा कळलं. एकाच घरात राहून!