दोन कथांचे वर्तमान

यंदाच्या दिवाळी अंकांतून आमच्या दोन कथा प्रसिद्ध झाल्या, हे वर्तमान वाचकांस कळविताना आनंद होतो. परंतु त्या आनंदास एक गोष्ट जडलेली आहे; ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमचे वास्तव्य सुरतेच्या डिंडोलीत. उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे या भागात पुष्कळ. कित्येकांचे पोट कापडाच्या मागांवर चालते आणि घरात अहिराणी बोलली जाते. पहिल्या कथेची नायिका आम्ही शेजारच्या मावशींवरून बेतली होती. संपादकांनी तिचे अहिराणी संवाद शुद्ध मराठीत करून मागितले. कथा छापून यावी या लोभाने आम्ही ते मुकाट्याने करून दिले.

अंक आल्यावर, आरतीनंतर मंदिराच्या ओट्यावर ती कथा वाचली. मावशींनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई बाई आपली नही."

बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या खानदेशी बोलीतच, आणि अवघ्या महाराष्ट्राने ती आपली मानली. हे ठाऊक असूनही आम्ही कचरलो होतो.

दुसरी कथा पाठविताना संवाद बदलू नयेत अशी अट घातली. कथा परत आली तरी चालेल, असे मनाशी ठरविले. ती जशीच्या तशी छापून आली. वाचन चालू असता मावशी मध्येच हसल्या आणि पुढचे वाक्य त्यांनीच पुरे केले.

घरात कोंकणी बोलणाऱ्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.